व्यवसायाचा लोगो : कामाचा योग्य क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

लोगो बिघडतो तो बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे. संगणक उघडला की आधी रंग निवडला जातो, मग मनात भरलेला फॉन्ट येतो, त्याच्या शेजारी एखादे तयार चिन्ह बसते, आणि हे सगळे जुळून आल्यावर लोगो कुठे कुठे लावायचा याचा विचार सुरू होतो. रबरी शिक्का करायला दिला की बारीक रेषा एकमेकींत मिसळतात, गणवेशावर भरतकाम करून घ्यायचे म्हटले की रंगछटा निघत नाहीत, मोबाईलवर नाव वाचता येत नाही; आणि तोवर लेटरहेड, पाट्या व वेष्टने छापून झालेली असतात. या चुका कागद आणि पेन्सिल हातात असतानाच सापडाव्यात, यासाठी पुढचा क्रम मांडला आहे. स्वतः लोगो करणाऱ्याला तो उपयोगी पडेल. डिझायनरकडून करून घेणाऱ्यानेही तो समजून घ्यावा, कारण पहिला टप्पा मालकालाच करावा लागतो आणि शेवटच्या टप्प्यातील फाईली मालकालाच सांभाळाव्या लागतात.

समजण्यास सोपे जावे म्हणून एकच कल्पित उदाहरण घेऊ : जुने लाकडी फर्निचर दुरुस्त करून देणारी एक कार्यशाळा.

## टप्पा १ : चित्र काढण्याआधी लिहून काढा

एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : आपण नेमके काय करतो, कोणासाठी करतो, आणि ग्राहक इतरांना सोडून आपल्याकडे का येतो. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ‘दर्जा, विश्वास आणि तत्पर सेवा’ असे काही आले, तर ते खोडून पुन्हा लिहावे; जे वाक्य कोणत्याही व्यवसायाला चालते, त्यातून आपल्या व्यवसायाचा लोगो निघू शकत नाही. आपल्या कार्यशाळेने ‘आम्ही चांगले काम करतो’ असे लिहिले, तर हाती काहीच लागत नाही. ‘निखळलेला सांधा आम्ही खिळा न ठोकता, लाकडात लाकूड बसवून पुन्हा जोडतो’ असे लिहिले, तर डोळ्यांसमोर लगेच एक आकार उभा राहतो.

त्यानंतर वापराची यादी करावी. लोगो जिथे जिथे लागणार आहे अशी प्रत्येक जागा लिहावी आणि तिच्यापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : आकार किती, पृष्ठभाग कोणता, आणि तो तिथे उमटणार कसा. बिल थर्मल प्रिंटरवर निघत असेल, तर तिथे काळ्याशिवाय दुसरा रंग नाही. लाकडावर तप्त लोखंडी छाप मारायचा असेल, तर बारीक रेषा जळून पसरणार. ब्राउझरच्या टॅबवरील चिन्ह १६ × १६ पिक्सेल एवढ्याशा चौकोनात बसवावे लागते. यादी पूर्ण झाली की त्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड अशा दोन जागांभोवती गोल करावा. यापुढे प्रत्येक निर्णय या दोन जागांना विचारून घ्यायचा आहे.

तपासणी : हा कागद व्यवसायाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला वाचायला द्यावा. तिला तो वाचून व्यवसाय नीट ओळखता आला नाही, तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : त्याच क्षेत्रातील लोगोंची पाहणी

त्याच व्यवसायातील पंधरा-वीस लोगो गोळा करून, सगळे सारख्या आकाराचे आणि कृष्णधवल करून एकाच पानावर मांडावेत. काय पुन्हा पुन्हा येते, ते लगेच दिसते. लाकूडकामात करवत, हातोडा, झाड, खोडाची वर्तुळे यांची गर्दी आढळेल. यातील एखादी खूण क्षेत्राची ओळख पटवते म्हणून ती पूर्णपणे निषिद्ध मानण्याचे कारण नाही. परंतु आपला लोगो त्या पानावर मध्येच ठेवला, तर तो शोधत बसावे लागता कामा नये.

सावधान : ‘सुंदर लोगो’ म्हणून संकलित केलेली शेकडो चित्रे चाळत बसू नये. हात नकळत तेच आकार काढू लागतो, आणि हे साम्य पुढे कायदेशीर अडचण ठरू शकते.

## टप्पा ३ : लोगोचा प्रकार ठरवा

केवळ नाव, नावाची आद्याक्षरे, नाव आणि चिन्ह, किंवा नाव व चिन्ह एकाच चौकटीत कोंडलेली मुद्रा, हे चार प्रकार प्रामुख्याने वापरात असतात. नव्या आणि लहान व्यवसायाचे नाव आटोपशीर असेल, तर नीट घडवलेले नावच पुरेसे ठरते, हे माझे ठाम मत आहे. केवळ आद्याक्षरे घेणे नव्या व्यवसायाच्या तोट्याचे असते, कारण ती कशाची आहेत हे अजून कोणालाच ठाऊक नसते. नावाशिवाय एकटे चिन्ह वापरण्याची सोय बऱ्याच वर्षांच्या परिचयानंतर येते, म्हणून चिन्ह करायचे असल्यास ते नावासोबत आणि नावाशिवाय, अशा दोन्ही रीतींनी उभे राहील असे करावे. गोल मुद्रेच्या कडेने फिरणारी अक्षरे मोठ्या पाटीवर शोभतात, पण आकार लहान होताच सर्वांत आधी तीच पुसट होतात.

## टप्पा ४ : कागदावर भरपूर आराखडे

साध्या कागदावर तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन आखून प्रत्येकात एक आराखडा काढावा. चौकोन मुद्दाम लहान ठेवायचा, म्हणजे तपशील भरण्याचा मोह होत नाही. आणि टोकदार पेन्सिलीऐवजी जाड टोकाचे पेन घ्यायचे, म्हणजे बारीक रेषा काढताच येत नाहीत. या बैठकीत निवड करू नये. तीस-चाळीस आराखडे होईपर्यंत हात चालू ठेवावा, कारण पहिले आठ-दहा आराखडे कोणालाही सुचतील असेच असतात.

आपल्या कार्यशाळेचे आराखडेही असेच पुढे सरकतील. आधी खुर्ची येईल, मग हातोडा, मग खुर्चीवर हातोडा. ते संपले की पहिल्या टप्प्यातील वाक्याकडे परत जावे लागेल, आणि तिथे ‘सांधा’ हा शब्द सापडेल : एका फळीचे दाते दुसऱ्या फळीच्या खाचांत घट्ट बसलेले आहेत. हा आकार साधा आहे, व्यवसायाच्या मर्माशी जोडलेला आहे, आणि त्यात कोणतेही अवजार दाखवावे लागत नाही. लोगोत विक्रीची वस्तू दिसलीच पाहिजे हा समज अनेकांचे काम अडवतो. आपण काय विकतो हे सांगायला पाटीवर शब्द असतात, लोगोचे काम ओळख पटवून देणे हे आहे.

दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने तीन आराखडे निवडावेत. प्रत्येक आराखडा कोणालातरी पाच सेकंद दाखवून झाकावा आणि थोड्या वेळाने आठवणीतून काढायला सांगावा. मुख्य आकार कागदावर आला, तर आराखडा लक्षात राहण्याजोगा आहे. आला नाही, तर त्यात एकाहून अधिक कल्पना कोंबल्या आहेत असे समजावे.

तपासणी : ट्रेडमार्कचा प्राथमिक शोध इथेच घ्यावा, शेवटी नव्हे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’मध्ये चित्र चढवून त्याच्याशी मिळतीजुळती चिन्हे विनामूल्य शोधता येतात; आपल्या देशाच्या नोंदणी कार्यालयाची सूचीही पाहावी. तीनपैकी एखादा आराखडा इथेच गळाला, तर फक्त एका चौकोनाचे श्रम वाया जातात.

## टप्पा ५ : केवळ काळ्या रंगात आणि लहान आकारात

उरलेले आराखडे आता नीट, पण फक्त काळ्या रंगात काढावेत. राखाडी नको, छटा नको, सावली नको. रंग कमकुवत आकारालाही सजवून उभे करतो आणि पाहणारा आकाराऐवजी रंगावर मत देऊ लागतो. काळ्यात जो लोगो उभा राहत नाही, तो रंगाने सुधारत नाही.

मग तो लहान करत जावे : आधी पाच सेंटिमीटर, मग दोन, मग एक. आपल्या सांध्याच्या चिन्हात पाच दाते असतील, तर एक सेंटिमीटरला मधल्या फटी बुजू लागतील आणि टॅबवरील चिन्हात तर केवळ एक राखाडी डाग दिसेल. १६ पिक्सेलच्या रुंदीत पाच दाते आणि त्यांमधील चार फटी बसवायच्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत. दाते तीनवर आणले, तर तीन दाते आणि दोन फटींना प्रत्येकी सुमारे तीन पिक्सेल मिळतात व आकार वाचता येतो. सांधा तर तीन दात्यांतही तितकाच स्पष्ट कळतो. म्हणजे दोन दाते केवळ सवयीने काढले होते. लहान आकारात जे टिकत नाही ते मोठ्या आकारातही बहुधा अनावश्यक असते. एखादा तपशील खरोखरच टाकवत नसेल, तर लहान आकारासाठी लोगोची वेगळी, सोपी आवृत्ती करावी.

याच टप्प्यावर डोळ्याच्या सवयी सांभाळाव्या लागतात. वर्तुळ आणि चौकोन मोजून सारख्या उंचीचे काढले तरी वर्तुळ लहान दिसते, म्हणून ते किंचित मोठे ठेवावे लागते. वर्तुळात त्रिकोण मोजून मधोमध ठेवला, तरी तो कलल्यासारखा वाटतो आणि त्याला टोकाच्या दिशेने थोडे सरकवावे लागते. काळ्यावर पांढरा आकार जाड भासतो. त्यामुळे उलट रंगाच्या आवृत्तीत रेषा जराशा बारीक कराव्यात. मोजपट्टी आणि डोळा यांचे पटले नाही, तर लोगोत डोळ्याचे ऐकावे.

तपासणी : लोगो उलटा, आडवा आणि आरशात पाहावा. कोणताही नको असलेला आकार, अक्षर किंवा अर्थ त्यात दिसत नाही ना, हे दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींकडूनही पाहून घ्यावे.

## टप्पा ६ : नावाची अक्षरे

सर्वाधिक घाई या टप्प्यात होते. फॉन्ट निवडायचा, नाव टंकायचे आणि चिन्हाशेजारी चिकटवायचे, एवढ्यावर काम संपत नाही. अक्षरांची जाडी चिन्हातील रेषांच्या जाडीशी जुळली पाहिजे. चिन्हाचे कोपरे टोकदार असतील, तर गोलाईदार अक्षरे त्याच्याशेजारी उपरी वाटतात. अक्षरांमधील अंतर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्रपणे, डोळ्यांनी ठरवावे.

नाव देवनागरीत असेल, तर काळजीची आणखी काही कारणे आहेत. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली लोंबतात, त्यामुळे ओळीला रोमन लिपीपेक्षा अधिक उंची लागते. ती न दिल्यास लहान आकारात अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि ‘सांधा’चा ‘साधा’ होतो. रोमन मोठ्या अक्षरांप्रमाणे अक्षरे दूर दूर मांडण्याची पद्धत देवनागरीला तशीच लावली, तर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द मोडल्यासारखा दिसतो. शिरोरेषा काढून टाकायची असेल, तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होत नाही ना, हे अनोळखी वाचकाकडून वाचून घ्यावे. दोन लिप्या शेजारी ठेवताना उंची मोजून सारखी करू नये. दोन्हींचा काळेपणा, म्हणजे शाईचा एकूण भार, सारखा वाटेल असे पाहावे.

सावधान : काही चित्रण सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी सुरू करावी लागते. ती सुरू नसल्यास ‘किरण’मधील वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘शक्ती’मधील जोडाक्षर फुटून हलन्त पाय दिसू लागतो. मराठी न येणाऱ्या डिझायनरला हे चूक वाटत नाही. छापण्याआधी नाव मराठी वाचणाऱ्याने एकेक अक्षर करून तपासावे.

फॉन्टचा परवाना याच वेळी वाचावा. वैयक्तिक वापरासाठी फुकट असलेला फॉन्ट व्यावसायिक लोगोत चालतोच असे नाही. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखालील फॉन्ट व्यावसायिक कामासाठी वापरता येतात, आणि त्यांत देवनागरीचे पुष्कळ पर्याय आहेत.

## टप्पा ७ : व्हेक्टर रेखाटन

अंतिम आकार व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्येच काढावा. व्हेक्टर चित्र बिंदू आणि वक्ररेषांच्या गणितावर उभे असते, म्हणून ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. जेपीजी किंवा पीएनजी ही पिक्सेलची चित्रे असतात आणि मोठ्या पाटीवर त्यांच्या पायऱ्या दिसू लागतात. स्केचचा फोटो घेऊन तो यंत्राकडून आपोआप व्हेक्टरमध्ये बदलून घेणे टाळावे, कारण त्यात अनावश्यक बिंदू आणि लहरणाऱ्या कडा येतात. फोटो खाली ठेवून, कमीत कमी बिंदू वापरून, आकार हाताने पुन्हा आखावा.

पूर्ण झाल्यावर तीन कामे करावीत आणि त्याआधी एक संपादनयोग्य प्रत बाजूला ठेवावी. अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी नाव बदलणार नाही. रेषांचेही भरीव आकार करावेत, नाहीतर लोगो लहान-मोठा करताना जाडी तशीच राहून प्रमाण बिघडू शकते. शेवटी एकमेकांवर आलेले आकार एकजीव करावेत. हे शेवटचे काम हमखास राहते : पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसते, पण व्हिनाईल, म्हणजे पाट्यांवर चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ पत्रा, कापणारे यंत्र आतल्या लपलेल्या रेषाही कापत जाते. त्याचप्रमाणे, एखादा भाग झाकण्यासाठी वर पांढरा तुकडा ठेवला असेल, तर रंगीत पार्श्वभूमीवर तो ठिगळासारखा दिसतो; झाकण्याऐवजी तो भाग कापूनच टाकावा.

## टप्पा ८ : आता रंग

एक मुख्य रंग आणि फार तर एक साहाय्यक रंग पुरतो. अमुक रंग विश्वासाचा आणि तमुक उत्साहाचा, अशा तक्त्यांवर विसंबू नये. एकच निळा रंग परस्परांशी संबंध नसलेल्या व्यवसायांत दिसतो. दुसऱ्या टप्प्यातील पाहणीत कोणता रंग आधीच सगळ्यांनी व्यापला आहे, ही माहिती अधिक उपयोगाची असते.

पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो, तर चार रंगी छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. पडद्यावरचा झगझगीत हिरवा, नारिंगी किंवा निळा या शाईत उतरत नाही आणि मळकट दिसतो. त्यामुळे छपाईत मिळणारा रंग आधी ठरवून त्याला जुळणारा पडद्यावरील रंग निवडावा. सर्वत्र तोच रंग हवा असेल, तर पँटोन या प्रमाणित रंगसूचीतील क्रमांकाची तयार मिसळलेली शाई वापरावी. तरीही गुळगुळीत आणि खरखरीत कागदावर तिचा भास वेगळा होतो, म्हणून नमुना छापून पाहिल्याशिवाय संमती देऊ नये.

तपासणी : रंगीत लोगो कृष्णधवल करून पाहावा. लाल आणि हिरवा भाग एकाच राखाडीत मिसळला, तर त्या रंगांत फरक न दिसणाऱ्या व्यक्तींनाही तो वेगळा दिसणार नाही. वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत लोगोला सूट असली, तरी अर्थपूर्ण चित्रांसाठी सांगितलेले ३:१ हे चित्र आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील किमान तफावतीचे प्रमाण लोगोनेही पाळावे.

## टप्पा ९ : प्रत्यक्ष जागी चाचणी

पहिल्या टप्प्यातील यादी काढून प्रत्येक जागेचा खऱ्या मापाचा नमुना करावा : कार्ड कागदावर छापून कापावे, पाटीचा तुकडा भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडून पाहावा, शिक्क्याचा एक नमुना करून घ्यावा. संगणकावरील तयार चित्रांत लोगो बसवून पाहणे ही चाचणी नव्हे. त्या चित्रांत काहीही देखणे दिसते.

लोकांना ‘आवडला का?’ असे विचारू नये. ‘नाव काय वाचलेत?’, ‘हा व्यवसाय कशाचा असावा?’ आणि दुसऱ्या दिवशी ‘काल दाखवलेल्यातले काय आठवते?’ या प्रश्नांची उत्तरे उपयोगी असतात. निर्णय मात्र एक-दोन व्यक्तींनीच घ्यावा. एका पर्यायाचे चिन्ह, दुसऱ्याची अक्षरे आणि तिसऱ्याचा रंग असा तोडगा निघाला, तर आतापर्यंतचे सर्व जुळवलेले संबंध तुटतात.

जुना लोगो बदलत असाल, तर लोक त्यातील काय ओळखतात हे आधी विचारून घ्यावे. गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये परिचित निळा चौकोन बाजूला सारून नवा लोगो आणला आणि टीकेनंतर सुमारे आठवड्याभरात तो मागे घेतला.

## टप्पा १० : हक्क आणि नोंदणी

डिझायनरला पैसे दिले म्हणजे लोगोचे सर्व हक्क आपोआप मिळतात, असे नाही. अनेक देशांत लेखी हस्तांतरणाशिवाय कलाकृतीचा कॉपीराइट निर्मात्याकडेच राहतो, म्हणून हक्क, मूळ फाईली आणि फॉन्टचा परवाना यांचा उल्लेख काम सुरू होण्यापूर्वीच्या करारात असावा. बाजारातून घेतलेले तयार चिन्ह लोगोत वापरू नये. तेच चिन्ह दुसराही घेऊ शकतो आणि अनेक संकेतस्थळांच्या परवान्यात ट्रेडमार्कसाठीचा वापर वगळलेलाच असतो.

ट्रेडमार्कची नोंदणी वर्गवार होते. नीस वर्गीकरण या आंतरराष्ट्रीय यादीत वस्तूंचे ३४ आणि सेवांचे ११, असे एकूण ४५ वर्ग आहेत. आपला वर्ग चुकला, तर मिळालेले संरक्षण कामाचे नसते. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणी झाल्यानंतरच लावावे, कारण त्याआधी ते लावणे अनेक देशांत गुन्हा ठरतो.

## टप्पा ११ : फाईली आणि वापराचे एक पान

रंगीत, काळी, पांढरी, आडवी, उभी आणि केवळ चिन्हाची, अशा आवृत्त्या तयार कराव्यात. छपाईसाठी पीडीएफ, संकेतस्थळासाठी एसव्हीजी ही व्हेक्टर फाईल आणि रोजच्या वापरासाठी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रत द्यावी. फाईलच्या नावात आवृत्ती, रंग आणि उपयोग स्पष्ट लिहावा. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावे असली की मुद्रकाकडे हमखास चुकीची फाईल जाते.

समाजमाध्यमांवरील प्रोफाईल चित्र बहुधा गोल कापले जाते. गोलात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या सुमारे ७१ टक्के असते, त्यामुळे चौकोनी बांध्याचे चिन्ह त्या मर्यादेच्या थोडे आतच ठेवावे.

सोबत एकच पान जोडावे : रंगांचे क्रमांक, किमान आकार, लोगोभोवती मोकळी सोडायची जागा, आणि ताणणे, तिरका करणे, सावली देणे यांसारख्या न करायच्या गोष्टी, चित्रांसह. मोकळ्या जागेचे माप सेंटिमीटरमध्ये न देता लोगोतीलच एखाद्या भागाच्या रुंदीने द्यावे, आपल्या उदाहरणात एका दात्याच्या. म्हणजे ते प्रत्येक आकारात लागू पडते. हे पान आणि फाईली मुद्रक, पाटी रंगवणारा, संकेतस्थळ सांभाळणारा अशा सर्वांना एकाच ठिकाणाहून मिळतील अशी व्यवस्था करावी, आणि जुन्या लोगोच्या फाईली त्याच दिवशी तिथून हलवून ‘वापरू नये’ असे नाव दिलेल्या वेगळ्या जागी ठेवाव्यात.